व्हेनिस येथील चार दिवस

व्हेनिस पाहावयास दोघांनी जावयाचे ठरले होते. प्रत्यक्षात आम्ही एकटेच गेलो. निघण्यास तीन आठवडे उरले असता आमच्या मातोश्री न्हाणीघरात घसरल्या व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, तरी त्यांच्याजवळ कोणीतरी असणे अवश्य होते. "दोघांचेही पैसे कशाला बुडवायचे? आईंजवळ मी राहते, तुम्ही जाऊन या," असे म्हणून आमच्या सौभाग्यवतीने आमची बॅग भरून दिली. आम्ही फारसे आढेवेढे घेतले नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वास्तविक व्हेनिसचे चित्र असलेले दिनदर्शिकेचे जुने पान स्वयंपाकघरात बारा वर्षे जपून लावले होते ते तिने, आम्ही नव्हे.

आगगाडीच्या स्थानकातून बाहेर येऊन पायऱ्या उतराव्या, तो समोर रस्ता नाहीच. थेट मोठा कालवा. शंभराहून अधिक लहान बेटे आणि त्यांस जोडणारे चारशेंवर पूल, अशी ही नगरी. येथे मोटार नाही, सायकलही नाही. उतारूंची बस म्हणजे नाव, रुग्णवाहिका म्हणजे नाव, आणि आग विझविणारे येतात तेही नावेतूनच. घरे चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभी आहेत. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून ते लाकूड शतकानुशतके टिकून आहे. हे सारे पाहताना आम्ही शेजारी वळून "हे पाहिलेस का?" म्हणावे, तो तेथे कोणी परका गृहस्थ उभा! असे पहिल्याच दिवशी तीनदा घडले.

वाट चुकणे हा तर येथील नित्याचाच प्रकार. शहराच्या सहा पेठा असून घरांचे क्रमांक गल्लीवार नाहीत, पेठवार आहेत. ते हजारांच्या घरात जातात. सदाशिव पेठेत ज्यांनी कधी पत्ता शोधला असेल, त्यांस अधिक सांगावयास नको. घरी वाट विचारण्याचे काम नेहमी तिचे. आम्हांस संकोच वाटतो. त्या संकोचापायी आम्ही एकाच पुलावरून चार वेळा गेलो.

सेंट मार्कच्या चौकातील उंच घंटाघर 14 जुलै 1902 रोजी एकाएकी कोसळले. मनुष्यहानी झाली नाही. पूर्वी होते तेथेच व तसेच ते पुन्हा बांधून 1912 साली खुले केले. हे ऐकताच आम्हांस मातोश्रींच्या हाडाची आठवण व्हावी, हे विचित्रच खरे.

तिसऱ्या दिवशी गोंडोल्याची चौकशी केली. भाडे नावेचे असते, माणसामागे नव्हे. एकट्यास जितके, तितकेच दोघांस. आम्ही मागे फिरलो. नावाड्यास गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तो मोडक्या इंग्रजीत नावेविषयी सांगू लागला. लांबी सुमारे 11 मीटर, लाकूड आठ जातींचे, आणि डावी बाजू उजवीहून 24 सेंटिमीटर रुंद. वल्हे एकच, तेही उजव्या अंगास. नावाडी मागे डाव्या अंगास उभा राहिला म्हणजे त्याच्या भाराने व वल्ह्याच्या रेट्याने नाव सरळ चालते; तो उतरला की ती एका कुशीवर कलते. धक्क्यास बांधलेल्या तशा रिकाम्या नावा आम्ही बराच वेळ पाहत उभे राहिलो.

सायंकाळी सातास घरी दूरध्वनी केला. मे महिना असल्यामुळे तेथे साडेदहा झाले होते.

"जेवलात का?" पहिला प्रश्न ठरलेला.

"मटारभात मिळाला. मांस नाही ना, ते दोनदा विचारून घेतले."

"नावेत बसलात?"

"नाही."

"अहो, का?"

"भाडे फार सांगतात."

ती क्षणभर काही बोलली नाही. आम्ही सबबी कशा सांगतो, हे तिला तीस वर्षांत चांगले ठाऊक झाले आहे. मग म्हणाली, "आज आई चार पावले चालल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून."

मागून मातोश्रींचा क्षीण आवाज आला, "कधी येतोय तो?"

"परवा," आम्ही म्हणालो. तिने ते मोठ्याने त्यांस सांगितले.