दोनावर पाच

मला अंक काढायला शिकवलं आजीने. तिला सहीपलीकडे फारसं लिहिता येत नव्हतं, पण दुधाचा हिशेब तिच्याकडे असायचा, त्यामुळे तिचे आकडे ठसठशीत. दगडी पाटीवर ती एकच अंक भला मोठा काढून द्यायची आणि मी तो गिरवत बसायची. तिचं लक्ष पेन्सिल कुठून निघते आणि कुठे वळते याच्यावर. पाच कितीही सुबक आला, तरी सुरुवात खालून केलेली दिसली की ओलं फडकं फिरलंच!

जुन्नर तालुक्यात पहिलीच्या वर्गावर गेले तेव्हा या हट्टामागचं कारण दिसलं. नुसतं बघून मूल कुठूनही सुरुवात करून ३ काढतं. हात भराभर चालायची वेळ आली की तोच ३ ढासळतो. शिवाय ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. पाच वर्षांच्या मुलाला हे खटकत नाही, कारण कपाचा कान डावीकडे वळवला तरी कप कपच राहतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं. तोंड फिरलं की नाव बदलतं, अशी वस्तू त्याला पहिल्यांदाच भेटते. म्हणून उलट्या अंकावर लाल शाईने फुली मारणं मला कधी पटलं नाही. त्यापेक्षा अंगणातल्या मातीत, खांद्यापासून हात फिरवून, हातभर लांबीचा ६ काढायला लावावा. माँटेसरीबाईंनी खरखरीत कागदाचे अंक बोटाने गिरवायला दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि गावात मिळेल ते बालवाडीचं साहित्य केलं. वही नंतर आली तरी चालते. पालकांना ती आधी हवी असते, हा भाग वेगळा.

खरी गंमत श्रुतलेखनात. ‘पंचवीस’ म्हटलं की निम्मा वर्ग ५२ लिहिणार. कानावर पाच आधी पडला, तर हाताने आधी पाचच काढला. ‘एकोणतीस’ला तर ३९ हमखास. २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढी थट्टा झाली! पुस्तकामागच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे बाजू मांडत होत्या. त्यांनी दाखवलेली अडचण मी रोज फळ्यासमोर बघत होते. मला मात्र त्या गदारोळात आजीची उजळणी आठवत होती: दोनावर शून्य वीस, दोनावर एक एकवीस, दोनावर पाच पंचवीस. आधी हाताने काय करायचं ते, मग तोंडाने काय म्हणायचं ते. घोकंपट्टी म्हणून आपण जी मोडीत काढली, ती लिहिण्याचीच सूचना होती.

वर्गाची सहल नाणेघाटात न्यायचे. तिथल्या लेण्यातल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञांतल्या दानांचे आकडे आहेत. दोनासाठी दोन आडव्या रेघा. लिहिणाऱ्यांच्या घाईत त्या जोडल्या गेल्या आणि पुढे आपला २ झाला. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं. तिथे आजीची उजळणी चालली नसती, कारण अंकाची किंमत तो कुठे बसलाय यावर ठरतच नव्हती. पोरांना त्या रेघा फार आवडायच्या. ‘बाई, आपण पण असंच लिहू या की,’ असा प्रस्ताव दरवर्षी यायचा. मोठ्या आकड्याची वजाबाकी घातली की तो बारगळायचा.

आता नातू शिकतोय, इंग्रजी शाळेत. त्याचं आणि माझं भांडण सध्या चारवर अडलंय. बसच्या पाटीवरचा ४ तो आठ वाचतो आणि मी काढायला सांगितला की खालचं वेटोळं नीट घालतो. वरची दोन टोकं मोकळी ठेवायची असतात, हे त्याला मान्य नाही. अर्धवट दिसतं म्हणतो, आणि मी बघत असतानाच ती जोडून टाकतो.