थरथरीचा ताळेबंद

माणसाला थरथर सुटण्याची कारणं ठरलेली आहेत : थंडीताप, भीती आणि न सांगता आलेले ऑडिटर. आमच्या गाडीला यांपैकी काहीच झालेलं नव्हतं. तरीही काटा ८० वर गेला की तिला थरथर सुटे आणि ९५ ओलांडताच ती काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं शांत होई. शहरात मात्र अगदी सोज्ज्वळ. अर्थात, पुण्यात ८० गाठणं फक्त कांद्यालाच जमतं.

दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते आणि आम्ही आईला भेटायला साताऱ्याला जातो. खेड-शिवापूर सोडलं की थरथर सुरू व्हायची, ती खंबाटकी घाटात वेग उतरेपर्यंत.

आपल्याकडे गाडी बिघडली की वैद्य शोधावे लागत नाहीत. खालच्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले, "अलाइनमेंट करून घ्या." त्यांचं हेच औषध. गाडी पेटली तरी ते आधी अलाइनमेंटच सांगतील. मेव्हण्यांनी इंजिनाचं माउंटिंग गेल्याचं फोनवरून ओळखलं. आमचे हेडकॅशियर म्हणाले, "विकून टाका," आणि घाईघाईनं पुढे, "मला नको." एका गॅरेजवाल्यानं शॉकॲब्सॉर्बर, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेकच्या डिस्क असं सगळं मिळून ३८,००० चा कागद हातात ठेवला. बिनपैशाचा सल्ला एकट्या आईचा. "सत्तरनंच ये रे बाबा. मी कुठं पळून चाललेय?"

आता, मी पडलो बी.कॉम. यंत्रातलं मला कळत नाही, पण फरक शोधण्यात उभी हयात गेली. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून कोणी बँकेतली सगळी लेजरं बदलत नाही. फरकाला ९ नं भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालीय का ते बघायचं. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसली तर ती नावेऐवजी जमेला पडलीय का ते तपासायचं. फरक स्वतःच आपला पत्ता सांगत असतो. त्याला नीट विचारावं लागतं, इतकंच.

मग पुढच्या शनिवारी, रस्ता मोकळा बघून, मी गाडीला विचारायला सुरुवात केली. ९० वर असताना पाचवा गिअर काढून चौथा टाकला. इंजिन जोरात फिरू लागलं, थरथर होती तेवढीच राहिली. म्हणजे इंजिन निर्दोष, मेव्हणे बाद. हलका ब्रेक दाबला. थरथर वाढली असती तर डिस्कचा संशय होता, वाढली नाही. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. काही फरक नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टही सुटला. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतात. थरथर हा तिचा स्वभाव नव्हे. राहिली चाकं.

पण चार चाकांतलं कुठलं? पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टिअरिंगमधून हाताला कळतो, मागच्याचा बैठकीला. माझे हात स्थिर होते. मागच्या सीटवर चिरंजीवांनी धरलेल्या बाटलीतलं पाणी मात्र ८५ ला नाचत होतं.

चाक म्हणजे साधं गोल असा माझा समज होता. पण १०० च्या वेगाला लहान गाडीचं चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे मारतं आणि रिमवर एका बाजूला २० ग्रॅम जादा असले तर ते तिथे जवळजवळ तीन किलोच्या जोरानं ओढतात. वेग दुप्पट तर ओढ चौपट. चक्रवाढ व्याजालाही इतकी घाई नसते. शिवाय झोपाळ्याला ठरावीक तालात धक्का दिला की तो जसा चढतो, तशी गाडीही ठरावीक वेगालाच चाकाशी ताल धरते. पुढे ताल चुकतो आणि थरथर मावळते. म्हणजे ९५ नंतर आजार बरा होत नाही, फक्त बोलेनासा होतो.

टायरच्या दुकानातल्या पोरानं मागचं डावं चाक काढलं, बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं, फिरवलं आणि थांबवलं. "काका, वजनं लावून मशीनवर शून्य आणून देतो. पण टायरच गोल राहिलेला नाही."

"त्याला टायर विकायचाय," हिनं माझ्या कानात सांगितलं. पोरानं ऐकलं असावं. "वहिनी, हात लावून बघा." आतल्या बाजूला, उभ्या गाडीत कधी दिसणार नाही अशा जागी, लिंबाएवढा फुगवटा होता. कुठल्या तरी खड्ड्यात आतले धागे तुटले होते आणि हवा रबराच्या पापुद्र्यावर तगून होती. हात काढून ही गप्प बसली. आमच्या संसारात हे क्वचित घडतं. या टायरवर आम्ही चौघं घाट ओलांडत होतो.

न सापडलेला फरक सस्पेन्स खात्यात टाकून पुस्तकं जुळवलेली मी पाहिली आहेत. शून्य दिसतं, साहेब सही करतात. त्या पोरालाही ते जमलं असतं. आम्ही शून्य घेऊन आनंदानं घरी गेलो असतो. त्यानं सही नाकारली.

मागचे दोन्ही टायर नवे घातले. ३८,००० च्या मानानं स्वस्तात सुटलो. आता ९० ला बाटलीतलं पाणी गप्प असतं. आई अजून सत्तरनंच बोलावते. आणि नव्या टायरांबरोबर दुकानदारानं रिवाजाप्रमाणे चाकांची अलाइनमेंटही करून दिल्यामुळे, खालचे अण्णा सोसायटीभर सांगत फिरताहेत, "बघा, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं!"