वाऱ्याची परवानगी

निवडणुकीचे दिवस आले, की आमच्या जवळा बाजारासारख्या गावाचीही मान आकाशाकडे वळते. हेलिकॉप्टरची घरघर कानी पडताच वर्गातले सारे अलंकार खिडकीबाहेर पळतात! मग मीही पुस्तक मिटतो आणि पाहत राहतो.

एवढे अवजड यंत्र वाऱ्यावर तोल सांभाळते तरी कसे? ते पुढे जाऊ लागले, की एका बाजूचे पाते वाऱ्यावर चालून जाते. दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे सरते. पहिल्याला उचल जास्त, दुसऱ्याला कमी. पाती नुसती ताठ असती, तर यंत्र कुशीवरच कलंडते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाची पहिली यंत्रे, हेलिकॉप्टरच्या भावकीतलीच ती, अशीच कलंडत. त्याने पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली. जोर वाढला की पाते वर उचलले जाई, घटला की खाली येई. दोन्हीकडची उचल सारखी होई. १९२३ साली त्याचे यंत्र सरळ उडाले.

पण बिजागरीलाही मर्यादा आहे. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्याहून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचे हेलिकॉप्टर उडाले आणि क्षणांतच विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. वाऱ्याने दिशा बदलल्याचे तेव्हा सांगण्यात आले. शिवाय मराठवाड्यातला मे महिना! तापलेली हवा विरळ होते; तिच्यात पाते तितकेच फिरले तरी उचल कमी मिळते.

मळणीयंत्रे घरोघर येण्यापूर्वी आमच्या खळ्यावर ज्वारी वाऱ्यावर उफणत. आई पाटी उंच धरी. वारा थांबला, की तिचे हातही थांबत. "वारं पडलंय, बसा जरा," एवढेच ती म्हणे. घाईला आलेले वडीलसुद्धा निमूट बसत. त्या घटकेला खळ्यावर तिचाच शब्द चाले.

वैमानिकाच्या शब्दाला असा मान मिळतो काय? पुढच्या गावी सभा खोळंबलेली, हारतुरे सुकत चाललेले. अशा वेळी "साहेब, वारा बरा नाही, थांबू या," असे म्हणायला छाती लागते, आणि ते ऐकून घ्यायला त्याहून मोठी. पात्याला बिजागरी बसवून आता शंभर वर्षे झाली. पुढाऱ्यांच्या दौऱ्याच्या कार्यक्रमाला ती बसवायची अजून राहिली आहे.