मराठीतून धर्मज्ञान : एका जुन्या प्रश्नाचा माग

१/ कराडहून चिपळूणकडे जाणारी वाट कोयनाकाठच्या पाटणवरून कुंभार्ली घाटाकडे वळते. या वाटेच्या अवतीभवतीच्या मुलखात विसाव्या शतकात एक प्रश्न उभा राहिला : घरी मराठी बोलणाऱ्या मुस्लिम मुलाला धर्म कोणत्या भाषेत समजावा?

२/ दक्षिणेस कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले व मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे, यासाठीही त्यांनी पुढाकार घेतला.

३/ घाटापलीकडे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीतच लिहीत राहिले. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. शाहूंनी राज्याश्रयाने शाळेचे दार उघडले. दलवाईंनी समाजाच्या आतूनच प्रश्न विचारला.

४/ इस्लामी शिक्षणाचे संशोधन बहुधा मोठ्या मदरशांच्या अभ्यासक्रमांभोवती फिरते. पाटणसारख्या गावात मात्र ते साध्या प्रश्नांपासून सुरू व्हावे : मकतबात अरबी पाठाचा अर्थ कोणत्या भाषेत सांगितला जाई? वसतिगृहांच्या नोंदवह्या कोणी जपल्या? वृद्धांच्या आठवणी आज टिपल्या नाहीत, तर पाठांतरापासून आकलनापर्यंतचा हा प्रवास इतिहासात नोंदलाच जाणार नाही.