गुडघ्याची गोळी

नागपूर, 12 जुलै

ती. दादा यास,


काल फोनवर तू मोठ्या झोकात सांगितलंस, क्रिएटिनिन 1.2 आलं, रेंजमध्ये आहे, गुडघ्याची गोळी परत सुरू केली. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. वहिनीला वाचायला देऊन मोकळा होऊ नकोस, स्वतः वाच.

1.2 रेंजमध्ये आहे, खरं. पण मिनूच्या साखरपुड्याच्या वेळी तुझं 0.8 होतं, तो रिपोर्ट माझ्याच कपाटात आहे. म्हणजे अजून तू दीडपट वर आहेस. शिवाय या क्रिएटिनिनची एक खोड आहे. किडनीचं काम जवळजवळ निम्मं घटेपर्यंत ते रेंज सोडत नाही. त्यात तू आजारपणात वाळलास. अंगावरचं मांस झडलं की ते मुळातच कमी तयार होतं. तेव्हा त्या 1.2 वर एवढा खूश होऊ नकोस.

किडन्या कशानं बंद पडल्या म्हणून विचारलं की आल्यागेल्याला सांगतोस, ‘ऊन लागलं होतं.’ अर्धंच खरं. मे महिन्याचं अचलपूरचं ऊन, लग्नाच्या मांडवातली धावपळ, त्यावर जुलाब, हे तर झालंच. पण रोजची बीपीची गोळी तू त्या दिवसांतही चुकवली नाहीस. टेल्मिसार्टन, आणि त्यातच लघवी वाढवणारं औषध. वरून गुडघ्यासाठी सकाळ-दुपार-संध्याकाळ डायक्लोफिनॅक. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, आणि त्यांना रक्त दाबानं मिळावं लागतं. तुझ्या संत्र्याच्या बागेतलं ठिबक आठव. लाइनीत दाब नसला की शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही. अंगातलं पाणी आटलं की किडनी आत येणारी रक्तनळी सैल करते, बाहेर जाणारी आवळते आणि दाब टिकवते. दुखण्याच्या गोळीनं आतली नळी सैल होत नाही. टेल्मिसार्टननं बाहेरची आवळत नाही. आणि जुलाबातून उरलंसुरलं पाणी लघवीच्या औषधानं काढून घेतलं. किडनीनं सावरायचं तरी कशाच्या जिवावर?

‘सकाळपासून लघवीलाच गेलो नाही, बरं झालं, वेळ कुठं होता!’ हे तू मला हसत सांगितलं होतंस, आठवतं? दुखलं काहीच नाही, म्हणून तू निर्धास्त. हे दुखणं असंच येतं. लघवी कमी होते, चहाच्या रंगाची होते, तोंडावर सूज येते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो जागरण झालं. तुझ्या पायात चप्पल शिरेना हे वहिनीच्या नजरेला आलं, म्हणून डायलिसिस वेळेवर झालं. ती नसती तर? जाऊ दे, ते लिहवतही नाही.

आणि कालही तेच, ‘एका गोळीनं काय होते?’ दादा, मी जन्मभर सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत बसले. लोक ताप आला म्हणून घाबरत घाबरत येतात, पण दुखण्याच्या गोळीची पट्टी किराणा दुकानातून आणून चघळतात. लहानपणी गावाबाहेर मेल्या ढोरावर गिधाडं उतरायची, आपण दगड मारायचो. गेली कुठं? हीच तुझी डायक्लोफिनॅक जनावरांना टोचली जायची. तसलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी. 2004 साली हे शास्त्रज्ञांनी उघडकीला आणलं आणि 2006 मध्ये सरकारनं जनावरांसाठी तिच्यावर बंदी घातली. तोवर आभाळ रिकामं झालं होतं. माणूस गिधाडापेक्षा टणक, मान्य. पण जुलाबानं सुकलेला, बीपीचा, साठी ओलांडलेला माणूस किती टणक?

औषध हातात घेताना मला अजून 1986 आठवतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 माणसं गेली. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. लेंटिन आयोग बसला, त्याच्या बातम्या मी अधाशासारख्या वाचायचे. आणि 2025 साली तेच विष खोकल्याच्या औषधातून छिंदवाड्याच्या लेकरांच्या पोटात गेलं. लघवी बंद झालेली कितीतरी लेकरं इथे नागपूरला आणली होती. त्या दिवसांत मला पेपर उघडवत नव्हता. तुझ्या गोळीत भेसळ नव्हती, ठाऊक आहे मला. पण ‘औषधच तर आहे’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

आणि तू पितोस तो ‘किडनी धुणारा’ काढा कुणी दिला? बाटलीवर काय घातलंय ते लिहिलेलं नाही, म्हणजे तो मोरीत ओत. आणि रोज पाच-पाच लिटर पाणी ढोसून किडनी साफ होत नसते. निरोगी किडन्या दिवसाला 180 लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं बहुतेक परत घेतात, त्यांना तुझी मोरी-धुलाई नको. पाणी किती प्यायचं ते किडनीच्या डॉक्टरांना विचार. गुडघ्यासाठीही त्यांनाच विचार. पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम, काहीतरी निघेल. पुन्हा जुलाब-उलट्या झाल्या तर बीपीची गोळी थांबवायची का, हे आजच विचारून लिहून ठेव, त्या घाईत सुचणार नाही.

ऑगस्टमध्ये त्या आजारपणाला तीन महिने पुरे होतात. तेव्हा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन दोन्ही तपासायचं आहे. एकटा जाऊ नकोस. वहिनीलाही बीपी आहे, साखर आहे, आणि तुझ्याच डब्यातली गुडघ्याची गोळी तीही घेते, हे तिनं मला मांडवात सांगितलंय. तिचं क्रिएटिनिन आजवर कुणी तपासलं आहे का? दोघं मिळून जा, आणि दोघांचे रिपोर्ट मला पाठवा.

तुझी,
बेबी