छत्री मिटली तेव्हा



आज स्वयंपाकघरातून नाही, कपाटातून लिहिते आहे. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात एक निळी फाईल आहे. तिच्यात घराची घरपट्टी, गॅसचं पुस्तक आणि आरोग्य विम्याचे कागद असतात. परवा नूतनीकरणाची पावती लावताना तळाशी एक जुना कागद सापडला. ‘कोरोना कवच’, ऑगस्ट २०२०. तो हातात धरून मी बराच वेळ बसले.

तुम्हाला आठवत असेल. त्या जुलैत विमा नियामकाच्या आदेशाने सगळ्या कंपन्यांनी ही पॉलिसी काढली. साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिन्यांची मुदत, पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत रक्कम, आणि पहिले पंधरा दिवस सोडले की कोरोनाचा सगळा दवाखाना त्यात. ह्यांना २०१७पासून साखर आहे, तरी त्यामुळे काही अडलं नाही. आम्हा दोघांचे मिळून पाच हजारांच्या आसपास भरले आणि मी सुटकेचा श्वास सोडला. मे २०२१मध्ये ऐन दुसऱ्या लाटेत मुदत संपली, तेव्हा पुन्हा एकदा तीच घेतली. फेब्रुवारी २०२२च्या अखेरीला तीही संपली.

आणि आम्ही काहीच केलं नाही.

खरं सांगते, संपल्याचं दुःखही झालं नाही. मास्क निघाले होते, मंदिरात पुन्हा गर्दी होत होती, आता विमा कशाला असंच वाटलं. एकदा मी नेहमीच्या आरोग्य विम्याचा हप्ता विचारला होता. दोघांचा चाळीस हजारांच्या पुढचा आकडा ऐकून फोनच ठेवला. पाच हजारांची सवय झालेल्या मनाला चाळीस हजार म्हणजे लूट वाटली. मी कॉमर्सची पदवीधर. पण हे माझ्या लक्षात आलं नाही की पाच हजार हा आमच्या तब्येतीचा भाव नव्हताच. तो एका रोगाचा, काही महिन्यांपुरता, संकटकाळातला भाव होता. वादळात कुणी डोक्यावर छत्री धरली, तिलाच आम्ही घराचं छप्पर समजलो.

त्याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. मुदत संपायच्या आत कवच नेहमीच्या आरोग्य विम्यात बदलून घ्यायची सोय नियामकाने २०२०मध्येच करून दिली होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

जुलै २०२३मध्ये ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन, खोली, औषधं मिळून ९२ हजार. सम्मेद शिखरजीच्या यात्रेसाठी आम्ही एक ठेव ठेवली होती, ती मोडली. घरी आल्यावर मी वही काढून हिशेब केला. पित्ताशयाच्या खड्यांसारख्या आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. मे २०२१मध्ये पॉलिसी बदलून घेतली असती तर मे २०२३मध्ये ती दोन वर्षं पुरी झाली असती. ऑपरेशन जुलैत झालं. ही ओळ लिहून मी वही मिटली. ह्यांना दाखवली नाही.

मग विमा घ्यायचा ठरवला. ह्यांना पासष्ट, मला एकसष्ट. ओळखीतला एजंट घरी आला तो दशलक्षण पर्वात, उत्तम आर्जवाच्या दिवशी. मी नुकतीच मंदिरातून आले होते. त्याने अर्ज भरायला घेतला आणि मधुमेहाच्या रकान्याशी थांबून म्हणाला, “काकू, इथे ‘नाही’ लिहू या. काकांची गोळी तर अर्धीच आहे. लिहिलं तर हप्ता वाढेल. सगळे असंच करतात.”

हेही म्हणाले, “लिही बाबा नाही.”

मूळ हप्ता ४२ हजार. साखर लिहिली की १५ टक्के जास्त, म्हणजे ४८,३००. त्यावर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता, एकूण ५६,९९४. एका ‘हो’चे वर्षाला जवळजवळ साडेसात हजार. आमच्या छोट्या दुकानाच्या उत्पन्नात ही रक्कम मोठी आहे. मला मोह झालाच नाही असं म्हटलं तर तेच अनार्जव होईल. पण तासाभरापूर्वी मन, वचन आणि काया एका रेषेत ठेवण्याविषयी ऐकून आलेली मी, त्या कागदावर सही कशी करणार होते? “हो लिही,” म्हटलं. हे दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. दशलक्षणात घरात अबोला, आता बोला!

सासूबाई असत्या तर वेगळाच प्रश्न विचारला असता. आपल्यातल्या पुष्कळ जणी विचारतात: कर्मावर श्रद्धा आहे ना, मग विमा कशाला? मला याचं उत्तर आपल्याच घरात सापडलं. आपण पाणी गाळून पितो. त्या जीवांचं कर्म त्यांच्याबरोबर, म्हणून गाळणं बाजूला ठेवतो का? नाही. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं जपून करायचं, याला आपण यत्नाचार म्हणतो. आजार येणं माझ्या हातात नाही. आजाराच्या वेळी मुलांपुढे, भावापुढे हात पसरावा लागू नये एवढं मात्र थोडंफार माझ्या हातात आहे.

यंदा जूनमध्ये ह्यांना न्यूमोनिया झाला. पाच रात्री दवाखान्यात. तिथलं जेवण रात्री आठला येई, म्हणून मी रोज साडेपाचला डबा घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी विम्याच्या खिडकीवरून विचारणा आली, साखर कधीपासून? केसपेपरवर डॉक्टरांनी २०१७ लिहिलं होतं. अर्जातही २०१७च होतं. दोन कागद एकमेकांशी जुळले आणि पुढे प्रश्न आला नाही. त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, फक्त पायातला कंप थांबला. बिल १,३८,४०० झालं. कंपनीने १,१६,९०० दिले. हातमोजे, नोंदणी, खोलीचा फरक असे २१,५०० आमच्या खिशातून गेले. विमा असला तरी काही रक्कम घरात हाताशी हवी, हा धडाही मिळाला.

आता आणखी एका सवलतीबद्दल. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. गेल्या वर्षी आमचा हप्ता ५४ हजार आणि कर ९,७२०, असे ६३,७२० भरले होते. यंदा मूळ हप्ता वाढून ५८,३२० झाला, पण कर नाही. म्हणजे ५,४०० वाचले. हे म्हणाले, “चला, स्वस्त झालं.” मी म्हटलं, “नाही. कर गेला, हप्ता वाढलाच.” ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आता नियामकाशी आधी बोलावं लागतं, एवढा आधार आहे. पण दरवर्षी थोडा वाढणार हे धरूनच चालायचं. म्हणून मी दरमहा पाच हजारांची आवर्ती ठेव सुरू केली आहे. ऑक्टोबरमध्ये एकदम साठ हजार काढताना घर हलायला नको.

ज्यांना हप्ता झेपत नाही त्यांनी खाली मान घालू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरही कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. फक्त आपला दवाखाना आणि आपला आजार यादीत आहे का ते आधी बघा. सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आमच्या ह्यांना अजून तीन वर्षं आहेत, मी कॅलेंडरवर मोजते आहे. पासष्टी उलटली म्हणून विमा मिळणारच नाही असंही आता राहिलेलं नाही. एप्रिल २०२४पासून ती अट गेली आहे.

आमच्या मंदिरात आम्ही सात-आठ जणी महिन्यातून एका शनिवारी पूजेनंतर आपापले कागद घेऊन बसतो. मुदत कधी संपते, अर्जात काय लिहिलंय, मोठ्याने वाचतो. एका वहिनींच्या अर्जात रक्तदाब ‘नाही’ निघाला. त्या रडवेल्या झाल्या, पण घरी जाऊन त्यांनी कंपनीला खरं कळवलं. हप्ता वाढला. झोप लागते म्हणाल्या. आपल्याकडे चार दानांत औषधदान आहे. दुसऱ्याच्या कागदावरची तारीख वाचून दाखवणं हेही मला त्यातलंच वाटतं.

शिखरजीची ठेव अजून भरून निघालेली नाही. यंदा यात्रा नाही. पुढच्या वर्षी बघू.

तुमची फाईल कुठे आहे? आज संध्याकाळचं जेवण आटोपलं की काढा.

जय जिनेंद्र.