मालवणच्या पाण्यांतले सोयरे

धाराशिव जिल्ह्यांतील माणसाची पाण्याशीं ओळख मोजून-मापून झालेली असते. विहिरीचा तळ, तलावाची पातळी, टँकरची वेळ हे आमच्या घरांतले नित्याचे विषय. पाऊस चांगला झाला तर नळदुर्गास जावें, बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून कोसळणारे नर व मादी हे धबधबे पाहावे, आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, त्या बंधाऱ्याच्या पोटांत बांधलेल्या पाणीमहालांत कोरडें उभें राहून समोरून पडणारें पाणी न्याहाळावें, ही आमच्याकडील जलविहाराची परिसीमा! अशा प्रदेशांतील एका एकत्र कुटुंबानें गेल्या हिवाळ्यांत मालवणास जाऊन, समुद्रांत तोंड बुडवून खालचें जग पाहिलें. त्याची ही हकीगत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही लहानथोर मिळून अकरा माणसें होतों. सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा मार्ग धरून फोंडाघाट उतरलों, तों माळरानाची सवय झालेले डोळे माडांच्या गर्दीनें निवून गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नावेंतून प्रथम सिंधुदुर्ग पाहिला. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला व १६६७ सालीं तो पुरा झाला, हें सर्वांस ठाऊक आहेच. आमच्या वडील मंडळींचे पाय मात्र तटापेक्षां विहिरींपाशीं अधिक रेंगाळले. चहूंकडे खारा समुद्र असतां दूधबाव, साखरबाव व दहीबाव या तीन विहिरींस गोडें पाणी असावें, याचें नवल दुष्काळी मुलुखांतल्या माणसास जितकें वाटतें तितकें इतरांस क्वचितच वाटेल.

तेथून नाव निवतीच्या रोखानें निघाली. बराच वेळ पाण्यावर कुरव पक्ष्यांखेरीज कांहींच दिसेना. मुलें अधीर होऊन ओरडूं लागलीं, तेव्हां तांडेलानें इंजिन बंद केलें व म्हटलें, “वाईच गप ऱ्हवा. ते आपणच येतले.” आणि खरोखरच, कांहीं वेळानें नावेच्या उजव्या अंगास फुस्सकन आवाज झाला व एक करडी पाठ वर येऊन पुन्हां पाण्यांत गेली. मागोमाग दुसरी, आणि तिला चिकटून एक लहानशी. ते डॉल्फिन होते. हा प्राणी मासा नव्हे. तो फुप्फुसानें श्वास घेतो व पिलास दूध पाजतो. पाठीवर किंचित् कुबड असलेली त्याची एक जात आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांतच आयुष्य काढते. मायलेंकरें नावेभोवतीं एक वळसा घालून सावकाश निघून गेलीं. तांडेलानें त्यांचा पाठलाग केला नाहीं. पाठलाग केला तर पिलूं मागें पडतें व माय बावरते, असें त्यानें सांगितलें. आमच्या काकू, ज्यांचें वय शहात्तर आहे, नकळत हात जोडून बसल्या होत्या.

परत येतांना किल्ल्याजवळच्या खडकांपाशीं नाव थांबली. डोळ्यांवर कांचेचा मुखवटा, दातांत धरलेली नळी व अंगांत तरंगतें जाकीट एवढ्या सामग्रीवर पाण्यावर पालथें पडून खालीं पाहण्याच्या या प्रकारास स्नॉर्कलिंग म्हणतात. त्यास पोहतां येण्याची गरज नाहीं. सोबत वाटाड्या असतो. आमची थोरली सूनबाई प्रथम उतरली, मग मुलें, शेवटीं आम्ही पुरुष. पाणी कांहीं कांचेसारखें नव्हतें, किंचित् हिरवट होतें; तरी दोन पुरुष खोलीवरचें सारें दिसत होतें. पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा आमच्या बोटांपासून वीतभर अंतरावर आला. भीति नाहीं, घाई नाहीं. घरचें मांजर जसें पायांत घोटाळतें तसे ते आमच्याभोवतीं फिरूं लागले.

हा स्नेह कशाचा, हें शेजारच्या नावेनें उलगडून दाखविलें. तेथें कोणी पावाचे तुकडे टाकीत होतें आणि थवाच्या थवा आम्हांस सोडून तिकडे धांवला! मुलें म्हणालीं, आपणही पाव टाकूं. येथें आमच्या कुटुंबांत मोठाच वाद उत्पन्न झाला. जेवणापूर्वीं गाईचा, कावळ्याचा घांस काढून ठेवणाऱ्या, मुंग्यांस साखर घालणाऱ्या घरांत भुकेल्या जिवास खाऊं घालणें हें पुण्यच मानलेलें. मग माशांनींच काय पाप केलें?

वाटाड्यानें सांगितलें तें असें. यांतले कित्येक मासे प्रवाळावरचें शेवाळ खातात व त्यामुळें प्रवाळ स्वच्छ राहतें. पावाची चटक लागली कीं तें काम राहून जातें, दांडगे मासे दुबळ्यांस हुसकतात व उरलेला पाव पाणी नासवतो. काकूंनीं सारें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “येडशीस काय झालें, आठवतें ना?” आम्हां सर्वांस लगेच समजलें. रामानें जटायूचे अंत्यसंस्कार केल्याची आख्यायिका ज्या रामलिंगाच्या दरींत सांगतात, तेथील वानरें प्रसादास चटावून आज यात्रेकरूंच्या हातांतील पिशव्या ओढतात. तीं आपणांस मित्र समजत नाहींत, तर केवळ पिशवीचा धनी समजतात. काकू पुढें म्हणाल्या, “घांस काढायचा तो आपल्या दारीं आलेल्याचा. येथें पाहुणे आपण आहोंत.” पाव पिशवींतच राहिला.

प्रवाळाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण तें दगड समजून त्यावर पाय देणारे पुष्कळ. अंगठींतल्या पोवळ्याचे हे दूरचे भाऊबंद. हजारों इवले जीव दाटीनें एकत्र राहून चुन्याचें घर बांधतात; त्यांच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ वस्तीस असतें व तें सूर्यप्रकाशावर अन्न करून यजमानास देतें. पाणी फार तापलें कीं हा सहवास मोडतो, प्रवाळ पांढरें पडतें, आणि ताप लवकर न उतरल्यास मरतें. जगांतील समुद्रांवर हें संकट चौथ्यांदा ओढवल्याचें शास्त्रज्ञांनीं २०२४ च्या एप्रिलांत जाहीर केलें. एका कुटुंबाच्या हातीं समुद्राचा ताप उतरविणें नाहीं. परंतु त्यावर पाय न देणें खचित आहे.

मालवणचा हा सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा टापू १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ व डॉल्फिन या दोहोंस वन्यजीव कायद्याचें संरक्षण असून, प्रवाळाचा मेलेला तुकडाही शोभेसाठीं घरीं आणतां येत नाहीं. ज्या वाचकांस जाणें शक्य असेल त्यांनीं पावसाळा टाळावा, त्या दिवसांत नावा बंद असतात. हिवाळ्यांत, सकाळच्या शांत पाण्यावर जावें. जाकीट न देणाऱ्या नावेंत बसूं नये. आणि डॉल्फिनांचा पाठलाग न करणारा तांडेल मिळेल तर त्यास दोन पैसे अधिक द्यावे. वृद्ध मंडळींस घरीं ठेवून जाऊं नये. आमच्या काकू पाण्यांत उतरल्या नाहींत, पण त्या दिवशीं नावेंत बसून जें पाहावयाचें तें त्यांनींच सर्वांत नीट पाहिलें.